रूथ असावाचं तारेचं विणकाम

परवा हार्डवेअरच्या दुकानातून बाइंडिंग वायर आणली, सळ्या बांधायला वापरतात ना ती, कारण रूथ असावा या अमेरिकन शिल्पकर्तीच्या शिल्पांचे फोटो बघून बघून हात नुसते शिवशिवत होते. पाचसहा ओळी विणल्या आणि बोटांची टोकं सोलवटली. आणि ही बाई सहा मुलं वाढवता वाढवता सॅन फ्रान्सिस्कोतल्या घरात बसून छताला टांगायची माणसापेक्षा उंच शिल्पं विणायची, तीही नुसत्या तारेची!

शिकली कुठे, तर मेक्सिकोत. 1947 साली ती टोलुकाला गेली होती, तिथे अंडी ठेवायला तारेच्या टोपल्या विणायचे, तो टाका तिने उचलला. एक फास, त्यात पुढचा फास, आपल्या क्रोशासारखंच पण सुई नाही. मग तिने टोपलीचं तोंड मिटवलं आणि तिथून सगळं बदललंच, एका आकाराच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, आतली बाजू विणता विणता बाहेरची होते आणि तरी सगळं आरपार दिसतं. शिल्प म्हटलं की दगड नाहीतर ब्राँझ, काहीतरी जड, हेच डोक्यात बसलेलं असतं आपल्या. हिची शिल्पं वाऱ्याने हलतात, भिंतीवर सावल्या पडतात आणि त्या सावल्याही बघत बसाव्यात इतक्या सुंदर.

तेव्हाच्या काही समीक्षकांनी याला बायकांचं हस्तकाम म्हणून बाजूला सारलं, मला याचा खरंच राग येतो. घरात, मुलांच्या गराड्यात झालं म्हणून ते कमी कसं?

आणि तिने काय काय सोसलं होतं! आईवडील जपानी, कॅलिफोर्नियात शेती करायचे. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू झाला म्हणून अमेरिकन सरकारने तिथल्या जपानी लोकांना कैद केलं, त्यात 1942 मध्ये वडिलांना पकडून नेलं आणि बाकी कुटुंबाला सँटा अनिताच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. रूथ तेव्हा सोळा वर्षांची. तिथेच कैदेतल्या, डिस्नेत काम केलेल्या चित्रकारांकडून ती चित्रं काढायला शिकली.

त्याच्याही आधीची एक आठवण ती सांगायची. लहानपणी शेतात घोड्याने ओढायच्या अवजाराच्या मागे बसून ती पाय खाली सोडायची आणि मातीत पायाच्या बोटांनी रेघा उमटत जायच्या, मध्ये बारीक, खालीवर फुगीर, डमरूसारख्या. तिच्या तारेच्या शिल्पांत तोच आकार पुन्हा पुन्हा दिसतो.

बोटं बरी झाली की मी परत बसणार आहे, या वेळी तांब्याची तार घेऊन, ती जरा मऊ असते.