१३.५ नॅनोमीटरला पीएमएमएची फिल्म किती शोषते : मोजणीचा माझा अनुभव

इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-१ या ४५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर (रिंगमध्ये इलेक्ट्रॉन फिरवून प्रकाश मिळवणारे यंत्र) पीएमएमए या प्लास्टिकच्या रेझिस्ट फिल्मचे, म्हणजे चिप छपाईत वापरतात तशा प्रकाशसंवेदी थराचे, शोषण मोजताना जे हाताला लागले, ते इथे देतो.

१३.५ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ९१.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढ्या ऊर्जेपुढे रासायनिक बंध किरकोळ ठरतात. शोषण ठरते ते कोणते अणू किती दाटीने भरले आहेत यावर. म्हणून हेंके-गुलिकसन तक्त्यांतून (कोणता अणू किती शोषतो याचे तक्ते) फक्त रासायनिक सूत्र आणि घनता देऊन शोषणांकाचा अंदाज आधीच काढता येतो. पीएमएमएसाठी तो सुमारे ५ प्रति मायक्रोमीटर येतो. हा आकडा हाताशी ठेवूनच पुढे जावे.

आधार म्हणून सिलिकॉन नायट्राइडचे ३० नॅनोमीटरचे मेम्ब्रेन (फ्रेमवर ताणलेला पातळ पडदा) घेतले. ते एकटेच जवळपास चौथाई प्रकाश खाते. ५० किंवा १०० चे मजबूत, पण सिग्नल फार जातो. स्पिन कोटिंग (गरगर फिरवून थर पसरवणे) करताना फ्रेम थेट हवा ओढून धरणाऱ्या व्हॅक्यूम चकवर ठेवू नका, मेम्ब्रेन फाटते. फ्रेम आधी वेफरवर कॅप्टॉन टेपने चिकटवावी. अ‍ॅनिसोल या सॉल्व्हंटमधले पीएमएमए, मग १८० अंशांवर बेक; सॉल्व्हंट उरला तर चेंबरचे व्हॅक्यूम तर बिघडतेच, शिवाय आरशांवर कार्बन बसतो, आणि त्याचा त्रास नंतर येणाऱ्यांनाही होतो.

जाडी हे खरे दुखणे. लहान फ्रेमवर कडेला जाड रिंग येते, त्यामुळे सोबतच्या मोठ्या वेफरवर मोजलेली जाडी मेम्ब्रेनला लागू पडत नाही. ६० नॅनोमीटरमध्ये ३ ची चूक म्हणजे उत्तरात ५ टक्के. एलिप्सोमीटर (प्रकाशाने जाडी मोजणारे यंत्र) फ्रेमच्या कडेपासून दूर, मध्याच्या जवळ लावावा.

होल्डरला मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंनी हवेला वाट ठेवा, आणि पंपिंग व व्हेंटिंग दोन्ही सावकाश करा. घाईत व्हॉल्व्ह उघडला की सगळे नमुने एकदमच जातात.

आता बीम. तरंगलांबी निवडणारे ग्रेटिंग १३.५ ला लावले की त्याच कोनात ६.७५ नॅनोमीटरची दुसरी ऑर्डरही, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा प्रकाशही, येतो. झिर्कोनियम फिल्टर दृश्य आणि अतिनील प्रकाश अडवतो, पण ६.७५ ला बऱ्यापैकी सोडतो, हे बरेच जण विसरतात. सिलिकॉनचा पातळ फिल्टर इथे उपयोगी, कारण १२.४ नॅनोमीटरच्या एजखाली (जिथे शोषण एकदम उडी घेते ती तरंगलांबी) तो जोरात शोषतो. तीच एज तरंगलांबी तपासायलाही कामी येते. दुसरा खुंटा अ‍ॅल्युमिनियमचा, १७ च्या आसपास. दुसऱ्या ऑर्डरकडे दुर्लक्ष महागात पडते: सिलिकॉन फोटोडायोडमध्ये एका इलेक्ट्रॉन-होल जोडीला ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे आपल्या फोटॉनचे सुमारे २५ इलेक्ट्रॉन, आणि ६.७५ च्या फोटॉनचे दुप्पट. शिवाय तो पीएमएमएतून सहज पार होतो. परिणामी शोषण कमी दिसते.

मोजणीचा क्रम असा: शटर बंद करून डार्क करंट, मग कोरे मेम्ब्रेन, मग फिल्म, मग पुन्हा कोरे. रिंगमधला करंट सतत उतरत असतो, त्यामुळे प्रत्येक वाचन बीम मॉनिटरने भागावे. ४०, ६०, ८० आणि १२० नॅनोमीटर अशा चार जाड्या घेऊन पारगमनाच्या (पार गेलेल्या प्रकाशाच्या प्रमाणाच्या) ऋण लॉगचा आलेख जाडीविरुद्ध काढला. उतार म्हणजे शोषणांक. एकाच जाडीवरून काढलेल्या उत्तरावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. जाड फिल्मकडे रेषा वाकली तर दुसरी ऑर्डर किंवा भटका प्रकाश समजावा. रेषा सरळ आहे पण शून्यातून जात नाही, तर आधी जाडी आणि कोऱ्या मेम्ब्रेनचे वाचन तपासावे.

एकाच जागेवर तीनदा वाचन घ्याच. शोषलेल्या फोटॉनमधून सुटलेला इलेक्ट्रॉन वाटेत आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि बंध मुख्यतः तेच तोडतात. पीएमएमएच्या एस्टर बाजूशाखा वायू होऊन निघून जातात, फिल्म आकसते, पारगमन चढते. उलट आकडा उतरत असेल तर चेंबरमधला हायड्रोकार्बन बीमखाली कार्बन होऊन बसतो आहे. दोन्ही एकत्र चालले तर आकडा स्थिर दिसून फसवतो. म्हणून शेवटी बीमचा डाग पडला का ते मायक्रोस्कोपखाली पाहावे आणि तिथली जाडी पुन्हा मोजावी. १ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे दर चौरस नॅनोमीटरला ०.६८ फोटॉन, या हिशोबाने एका वाचनाचा डोस वहीत लिहून ठेवावा.

कथिल ऑक्साइडवर आधारित रेझिस्टच्या फिल्मलाही हीच रीत, पण तिचा शोषणांक २० प्रति मायक्रोमीटरच्या घरात जातो. तिथे जाड्या १० ते ३० नॅनोमीटर पुरतात, आणि १ नॅनोमीटरची चूकही जड जाते.