चिमीचे डोळे, जीन टेस्ट आणि किडनीची सोनोग्राफी – माझा अनुभव

चिमी चार महिन्यांची झाली तरी नजर लावेना. खुळखुळा वाजवला की मान वळवायची, नुसता दाखवला तर काहीच नाही, आणि सारखी मुठी डोळ्यात खुपसायची. आत्या म्हणाली दात येताना करतात पोरं असं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे मामाची पोर करायची पद्धत आहे त्यामुळे सख्ख्या आत्याच्याच घरी मला दिलंय, निफाडहून नाशिक, काही परकं वाटलंच नाही कधी.

गंगापूर रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की बुबुळं हलतात ते साधं नाही, मुंबईला जाऊन ईआरजी करून घ्या. पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने गेलो. डोळ्यावर लाईट चमकवून पडदा विजेचा सिग्नल देतो का ते बघतात, चिमीची रेघ जवळजवळ सपाट. तिथल्या मॅडम म्हणाल्या "लेबर कंजेनिटल अमॉरोसिस" आणि लेबर ऐकून मला धस्स झालं, मला वाटलं डिलिव्हरीत काहीतरी बिघडलं, कळा उशिरा सांगितल्या का मी, हेच डोक्यात. मग कळलं की हा डोळ्याच्या पडद्याचा जन्मापासूनचा, आनुवंशिक आजार, आणि थिओडोर लेबर नावाचा जर्मन डॉक्टर होता, त्याने 1869 मध्ये तो लिहून ठेवला म्हणून त्याचं नाव. इगतपुरी येईपर्यंत मी रडत पण होते आणि हसत पण होते.

पुढे जीन टेस्ट. रक्त थोडंसंच, जांभळ्या झाकणाची ट्यूब. पण त्याआधी काउन्सेलर ताईंनी घराण्याचा तक्ता काढला, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आणि नवराबायकोला जोडायची रेघ बाकी सगळ्यांना एक, आमच्या दोघांना दोन. मी विचारलं दोन का, त्या म्हणाल्या नात्यातलं लग्न असलं की दोन मारतात. शेजारी आत्या बसलेली. ती काही बोलली नाही, पण घरी आल्यावर दोन दिवस जेवली नाही नीट.

रिपोर्टला महिना-सव्वा महिना लागला. सीईपी290 नावाच्या जीनमध्ये बदल, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही कॉपीत तोच. आमचं दोघांचं पण तपासलं, दोघंही कॅरियर, म्हणजे एक कॉपी खराब, एक चांगली. म्हणजे आमच्या निफाडच्या आजा-आजीपैकी कुणाकडून तरी ती एक खराब कॉपी आत्याकडे आणि माझ्या वडिलांकडे गेली, तिथून आम्हा दोघांकडे, आणि चिमीत दोन्ही एकत्र आल्या. एका कॉपीने कुणालाच काही होत नाही म्हणून कळायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या प्रत्येक बाळाला 25 टक्के शक्यता.

आता या जीनपासून बनणारं सीईपी290 प्रोटीन करतं काय, ते मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. पेशीत सेंट्रोसोम असतो, पेशी दोन होताना तो लागतो हे शाळेत शिकलेलो, पण त्यातलाच एक भाग पेशीच्या पृष्ठभागाजवळ जाऊन एक बारीक केसासारखी सिलिया उभी करतो आणि तिच्या बुडाशी हे सीईपी290 दारावर बसतं, आत काय जाईल बाहेर काय येईल ते बघायला. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीचा प्रकाश पकडणारा भाग या सिलियाच्या पलीकडे असतो आणि सगळा माल त्या एकाच चिंचोळ्या वाटेने जातो, रोज जवळजवळ दहावा हिस्सा नवीन बांधायला लागतो म्हणे. मी नवऱ्याला सांगितलं, संध्याकाळी द्वारका सर्कलचा पोलीस उठून गेला तर काय होईल, तसं.

आणि सिलिया फक्त डोळ्यात नसते, हे आम्हाला माहीतच नव्हतं! किडनीत असते, मेंदू घडताना पण लागते. याच जीनमुळे काही मुलांना फक्त डोळ्यांचं होतं, काहींना जूबेर सिंड्रोम होतो, म्हणजे मेंदूची घडणच बिघडते, त्यात एमआरआयमध्ये मेंदूचा एक भाग दाढेसारखा दिसतो, काहींची किडनी पुढे वाढत्या वयातच हळूहळू जाते. म्हणून डोळ्यांसाठी गेलेलो आम्ही एमआरआय आणि किडनीची सोनोग्राफी करून आलो. दाढ दिसली नाही, किडनी आत्ता ठीक. पण रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि लघवी ठरल्या वेळेला तपासत राहायची, आणि पोरगी फार पाणी प्यायला लागली, रात्री सारखी लघवीला उठली तर लगेच दाखवायचं.

मधे नवऱ्याला नेटवर क्रिस्परचं, म्हणजे जीन कापून दुरुस्त करायच्या तंत्राचं सापडलं, याच जीनसाठी 2020 मध्ये पहिल्यांदा थेट माणसाच्या डोळ्यात जीन कापायचं औषध दिलं, 14 जणांना दिलं, काहींना फरक पडला. रात्रभर झोपला नाही तो. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ओढून दाखवलं की ते औषध त्या जीनमधल्या एका ठराविक बदलासाठी आहे, युरोपातल्या लोकांत तो जास्त सापडतो, चिमीचा बदल वेगळ्या जागी आहे. जीन तोच, पण औषध नाही. अख्खा जीन नवा घालायचा तर तो इतका मोठा की जीन पेशीत पोचवायला वापरतात त्या नेहमीच्या वाहक व्हायरसमध्ये मावतच नाही. त्या दिवशी येताना आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

दिराला माझ्या चुलत बहिणीचं स्थळ जवळजवळ पक्कं होतं. ते आत्यानेच थांबवलं, म्हणाली आधी दोघांचं रक्त बघा मग सुपारी. सगळे जीन तपासायची गरज नाही, आमच्या रिपोर्टमधली तेवढी एकच जागा बघतात, त्यामुळे खर्चही बराच कमी. काका चिडलेत, आमच्या पोरीत खोट काढता म्हणून. पण परवा बहिणीचाच मेसेज आला, "ताई, रक्त द्यायला उपाशीपोटी जायला लागतं का गं?"

मी लिहिलं, नाही लागत, चहा पिऊन ये.