आमची वाटचाल: आधी पकड, मग ब्रश

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा गाळा आहे. मूळ काम कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं, आणि घर आजही त्यावरच चालतं. स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या वस्तूच्या मापात लहान केलेल्या प्रतिकृती, रंगवायची साधनं हा त्याच गाळ्यातल्या एका टेबलावर वाढलेला जोडधंदा.

नाशिककराला विमानांचा नाद लागायला वेगळं कारण लागत नाही. ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, मिग-२१ बनली, पुढे सुखोई-३०. मिगचा पंखविस्तार ७.१५ मीटर, १:७२ च्या, म्हणजे बहात्तरपट लहान मॉडेलमध्ये तो जेमतेम १० सेंटीमीटर भरतो. मग चाकं, क्षेपणास्त्रं, वैमानिकाची खुर्ची केवढी उरणार? असला भाग चिमटीत धरून रंगवला की अर्धा रंग बोटांना आणि बोटांचे ठसे भागाला. लोक आधी महागडे ब्रश घेतात, एअरब्रश घेतात. मी सगळ्यांना एकच सांगतो, आधी पकड बघा.

पकडीचं सामान गाळ्यातच पडलेलं होतं. टेस्टिंगसाठी क्रोकोडाइल क्लिप, म्हणजे दातेरी चिमटे, लागतातच. क्लिपच्या मागच्या नळीत बांबूची कबाबकाडी घालून पक्कडीने दाबली की झाली मूठ. पण क्लिपचे दात मॉडेलच्या मऊ प्लॅस्टिकला, पॉलिस्टायरीनला चावतात, खुणा उठतात. त्यावरचा उपायही वायरमनचाच: दोन्ही जबड्यांवर हीट श्रिंक स्लीव्हचा, म्हणजे तापवलं की आवळणाऱ्या नळीचा, तुकडा चढवायचा आणि हॉट गनने आवळायचा. दात झाकले जातात, भाग निसटत नाही. हाच आमचा पहिला विकाऊ माल.

रंग वाळेपर्यंत काड्या रोवायला म्हणून सगळे थर्माकोल आणतात. लॅकरच्या स्प्रेतलं थिनर लागलं की ते विरघळतं, काड्या आडव्या. आम्ही खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, आतल्या नळ्यांची तोंडं वर येतील अशा उभ्या चिकटवून ठोकळा करतो. वसाहतीत रिकाम्या खोक्यांना काय तोटा!

चाकांचं दुखणं वेगळं. मिगचं टायर काळं, रिम हिरवी, आणि मधली रेघ गोल यायला हवी. चाकाच्या भोकात टूथपिक घालायची, ब्रश टेकवून हात स्थिर ठेवायचा आणि काडी फिरवायची. ती फिरवायला आम्ही भंगारातली मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर लावली. मिनिटाला पाच-सहा फेरे, रंगाला अगदी बेताचा वेग. मात्र ओल्या रंगाच्या टेबलावर २३० व्होल्ट नकोत, म्हणून विकायच्या यंत्रात १२ व्होल्टची गिअर मोटर असते. ते फक्त ऑर्डरीवर बनतं. रंग ढवळायला सायकलचा स्पोक टोकाला ठोकून चपटा केलेला असतो, तो संचासोबत फुकट.

जुलै-ऑगस्टमध्ये मॉडेलवाले हात आखडतात, कारण दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. नेमके तेव्हाच गणपतीच्या देखाव्यावाले येतात. त्यांना इवलीशी माणसं, बैलगाड्या रंगवायच्या असतात. आर्किटेक्चरची मुलं मात्र सबमिशनच्या आदल्या संध्याकाळीच उगवतात, आणि उधारीवर.

कुरिअरमध्ये काड्या मोडायच्या, खूप तक्रारी यायच्या. आता पॅनेलच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी वायर-डक्टच्या, म्हणजे वायरी बसवायच्या खाचांच्या पन्हळीच्या, तुकड्यात काड्या भरतो, वर त्याचंच झाकण, दोन्ही टोकांना टेप. गिऱ्हाईक तो डक्टही टाकत नाहीत; त्याच्या खाचांत धुतलेले ब्रश आडवे वाळत ठेवतात. परवा एकाने तर नुसत्या डक्टचाच भाव विचारला.