कोलिफॉर्म शून्य, पण जंतांची अंडी कोण मोजणार?

आमच्या संकुलाच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी हिरवळीला वापरायचं, म्हणून इथे कोल्हापुरात परवानगीसाठी अर्ज केला. एरेशन टाकी (सांडपाण्यात हवा सोडायची), निवळण टाकी, वाळूचा फिल्टर, क्लोरीनचा डोसिंग पंप सगळं वेळेत बसलं. घोडं अडलं ते तपासणीपाशी. अर्जात जंतूंसाठी रकाना एकच, फिकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जिवाणू. प्रयोगशाळा तेवढंच तपासते, कार्यालय तेवढंच बघतं. जंतांच्या अंड्यांचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "क्लोरीन टाकताय न्हवं? मग झालं की." याचा राग अजून गेलेला नाही, कारण हे साफ चूक आहे.

क्लोरीनने कोलिफॉर्म मरतात. गोल जंताच्या अंड्याचं कवच मात्र नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवीही देत नाही. कोलिफॉर्म शून्य आलेल्या पाण्यात अंडी जिवंत असू शकतात आणि ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. हिरवळीवर पोरं अनवाणी खेळतात, आणि हुकवर्मची अळी तर तळपायाच्या कातडीतूनच शिरते. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १ अंडं आहे.

म्हणून तपासणी नाव घेऊन मागा: बेलेंजर पद्धत. नमुना १० लिटरचा न्या, छोट्या बाटलीत काही सापडत नाही. तो तास-दोन तास निवळवून वरचं ९० टक्के पाणी काढतात, गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, इथरने त्यातली चरबी काढतात, मग १.१८ घनतेच्या झिंक सल्फेटमध्ये अंडी तरंगवून मॅकमास्टर स्लाइडवर (सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची चौकटी आखलेली काच) मोजतात. पाण्याच्या प्रयोगशाळेने हात वर केले तर पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत विचारा, शेणातली अंडी मोजायला तिथे हीच स्लाइड वापरतात. एका स्लाइडवर समाधान मानू नका. शेवटचा द्रव ५ मिली असेल आणि ०.३ मिलीत १ अंडं दिसलं, तर हिशेब लिटरमागे १.७ येतो. म्हणजे मर्यादेच्या आत आहोत का, हे एका स्लाइडवर कळतच नाही. निदान तीन मोजायला लावा.

कोलिफॉर्मच्या नमुन्याच्या बाटलीत क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट आहे ना, तेही बघून घ्या. नसेल तर वाटेतच क्लोरीन जंतू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो.

अंडी मारायच्या मागे लागू नका, पाण्यातून काढा. गोल जंताचं अंडं तासाला साधारण ०.६५ मीटर खाली बसतं. सकाळच्या गर्दीत तासाला ५ घनमीटर पाणी येत असेल, तर निवळण टाकीचा पृष्ठभाग किमान ८ चौरस मीटर हवा. पावसाळ्यात चेंबरमधून पावसाचं पाणी घुसलं की हे गणित कोलमडतं, तेव्हा झाकणं जूनच्या आधीच बंदिस्त करा. उरलेली अंडी वाळूत अडकतात, म्हणून बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं पाणी गटारात किंवा बागेत न सोडता पुन्हा सुरुवातीच्या टाकीत घ्या.

क्लोरीन लागतोच, जिवाणू आणि विषाणूंसाठी. ५०,००० लिटरला, लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या मात्रेने, १० टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) २.५ लिटर, आणि संपर्क ३० मिनिटं. पाण्यात अमोनिया उरला असेल तर १ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन खातो. डोस वाढवत बसण्यापेक्षा आधी एरेशन सुधारा. एप्रिल-मेच्या उन्हात कॅनमधल्या हायपोक्लोराइटची ताकद उतरते, साठा सावलीत आणि थोडाच ठेवा.

काढलेली अंडी शेवटी गाळात जमतात. तो गाळ कच्चा उसाला किंवा भाजीला देऊ नका. ढीग लावून खत करायचं तर आतलं तापमान ५५ अंशांवर १५ दिवस टिकवा आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग पालथा घाला, म्हणजे बाहेरचा थंड थरही आत जाऊन तापेल.