१:१२ स्क्रू-गन: नळीचा जोड बसला, चाकं अजून अर्धी

स्क्रू-गन म्हणजे नळीचे दोन तुकडे आट्यांनी जोडायची डोंगरी तोफ. तिच्या १:१२ प्रतिकृतीत नळीचे दोन भाग आणि मधला नट अखेर एका रेषेत आले. जोडावरून बोट फिरवलं तर नख अडकत नाही, तोंडातून टॉर्च मारला तर आत पायरी दिसत नाही. बाकी कशालाही हात लावण्याआधी हे संपवायचं होतं, कारण या तोफेचा सगळा जीव जोडात आहे. जी नळी उलगडत नाही ती दिसायला कितीही देखणी असो, ती स्क्रू-गन नव्हे.

तोफ कोणती, ते थोडक्यात. १८७९ च्या सुमाराला ब्रिटिश आणि हिंदुस्थानी फौजेच्या डोंगरी तोफखान्यात आलेली २.५ इंची आरएमएल: तोंडाकडून भरायची, आतून पेचदार खाचा असलेली, पोलादी. तिच्याआधीची ७ पौंडी तोफ ३ इंच व्यासाची होती आणि तिची अख्खी नळी २०० पौंडांची. एका खेचराच्या पाठीवर साधारण एवढाच बोजा टिकतो, म्हणून नळी आखूड, आणि नळी आखूड म्हणून गोळ्याचा वेग सेकंदाला हजार फुटांच्याही आत. कर्नल ले मेसुरिये यांनी सुचवलेला तोडगा साधा होता: नळी ४०० पौंडांची करा, पण ती दोन खेचरांवर जाऊ द्या. वेग १,४३६ फुटांवर गेला आणि पल्ला सुमारे ४,००० यार्डांवर. आपल्याकडच्या उंटावरच्या सुतरनाळेलाही हीच मर्यादा होती, जनावर पेलेल तेवढीच तोफ. पण तिथे नळी अखंड राहिली आणि लहानच राहिली.

प्रमाण १:१२ घेतल्याचा फायदा असा, की जुनी मापं फूट-इंचांत असतात आणि इथे मूळचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत एक इंच. मूळ नळीची एकूण लांबी ७०.४५ इंच, आपली १४९.१ मिमी. आतला पोकळ भाग ६६.५ इंच, म्हणजे १४०.८ मिमी. आतला व्यास मूळचा ६३.५ मिमी, आपला ५.३ मिमी.

बाहेरचा आकार मात्र फोटोंवरून काढावा लागतो, आणि फोटो फसवतो. तोफ जरा तिरपी असली की मागचा भाग जाड दिसतो. यावर उत्तम उपाय वजनकाट्याचा. प्रमाण १२ पट असेल तर वजन १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८ पटींनी घटतं. १८१.४ किलोची पोलादी नळी पोलादातच केली तर १०५ ग्रॅम भरली पाहिजे. पहिल्यांदा लेथवर टर्न करून काट्यावर ठेवली तेव्हा ११६ ग्रॅम भरली. याचा अर्थ एकच, आकार कुठेतरी जाड काढला गेलाय. फोटो पुन्हा मोजल्यावर चूक मागच्या भागात सापडली. तिथला ५५ मिमी लांबीचा तुकडा १४.५ वरून १३.५ मिमीवर आणला, साडेनऊ ग्रॅम किस निघाला आणि नळी १०६.५ वर आली. एवढा फरक चालेल. ही चाचणी प्रत्येकाने करावी, पण सळई पोलादाचीच हवी. पितळेत करणाऱ्यांनी आलेल्या वजनाला ८.५ ने भागून ७.८५ ने गुणावं.

आता जोड. पहिला मोह असा होतो की मागच्या भागाला बाहेरून आटे, पुढच्याला आतून, आणि बाटलीच्या झाकणासारखं एक दुसऱ्यात फिरवायचं. मॉडेलमध्ये ते टिकतं, पण चुकीचं आहे. मूळ नळीत आतून ८ खाचा आहेत आणि त्या दोन्ही भागांत समोरासमोर यायला हव्यात. भागच फिरवले तर आटे झिजतील तशी खाच सरकत जाणार. म्हणून भाग स्थिर राहतात, फिरतो तो मधला नट, आणि तो दोघांना एकमेकांवर ओढून घट्ट बसवतो.

आपल्याकडची मांडणी अशी: सळई ईएन१ए (लेथवर सहज कापलं जाणारं पोलाद), १६ मिमी. पुढच्या भागाच्या मागच्या टोकाला कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कड, नट त्या कॉलरमागे कायमचा अडकवलेला. मागच्या भागावर एम१० × ०.७५ चे (१० मिमी व्यास, ०.७५ मिमी पिच) आटे, लांबी ७ मिमी. आट्यांच्या पुढे ८ मिमी व्यासाचं, ३ मिमी लांब गुळगुळीत टोक, जे पुढच्या भागातल्या खळग्यात घट्ट सरकतं. हे टोक वगळू नका. आटे ओढून धरतात, पण मध्य साधत नाहीत. बारीक पिचमध्येही ते पाच-सात शतांश मिलिमीटर हलतात, आणि ५.३ मिमीच्या भोकात तेवढी पायरी डोळ्याला खुपते. टोकाच्या बाजूला १ मिमीची पिन आणि समोर तिची खाच, म्हणजे दोन्ही भाग एकाच स्थितीत बसतात. नट फिरवायला त्याच्या परिघावर १ मिमीची चार भोकं आहेत.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक भागाला जोडाच्या तोंडाकडून ५ मिमीचं ड्रिल. अखंड नळीत १४० मिमी खोल जावं लागलं असतं, म्हणजे व्यासाच्या २८ पट, आणि ड्रिल हमखास भरकटलं असतं. जोडामुळे हे अंतर वाटलं जातं. मग आटे आणि टोक. मग नट आवळून दोन्ही भाग एक करायचे आणि जोडलेल्या स्थितीतच तोंडाकडून ५.३ मिमीच्या डी-बिटने (अर्धगोल छेदाच्या कटरने) जोडाच्या आरपार भोक साफ करायचं. हा डी-बिट सिल्व्हर स्टीलचा (हत्यारी पोलादाचा) घरीच घासावा लागतो. बाहेरचा उतार सगळ्यात शेवटी, दोन सेंटरमध्ये धरून. एक नमुना उलट क्रमाने करून पाहिला: आधी उतार, मग आटे. चकमध्ये उतरता भाग नीट धरता येत नाही, आटे ०.१५ मिमी बाजूला गेले आणि तो भाग भंगारात टाकावा लागला.

खाचांबद्दल वारंवार विचारलं जातं, म्हणून सविस्तर. मूळ पेच वाढता आहे: मागे ८० व्यासांत एक फेरा, तोंडाकडे येताना ३० व्यासांत एक. मॉडेलमध्ये तोंडाजवळचे २० मिमीच दिसतात, तिथे ३० चा पेच धरला की पुरे. ३० × ५.३ म्हणजे १५९ मिमीत एक फेरा, म्हणून २० मिमीत खाच ४५ अंश वळली पाहिजे. सरळ खाचा पाडल्या तर जाणकाराला लगेच कळतं. आम्ही ७ मिमी बाहेरव्यासाची, २० मिमी लांबीची पितळी नळकांडी वेगळी केली. १५९ मिमीत एक पीळ दिलेली पितळी पट्टी वाट दाखवायला, तिच्या टोकाला एकदाती कटर. प्रत्येक खाचेला पाच-सहा ओढी, खोली ०.१ मिमी, मग चक ४५ अंश फिरवून पुढची. एका ओढीत जास्त खोल गेलात तर पितळ फाटून कडेला केस उभे राहतात आणि ते काढताना खाचेची धार जाते. नळकांडी तोंडात रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग पक्के धरणाऱ्या चिकटद्रवाने) बसवली. तिथली भिंत १.१ मिमीच उरते, म्हणून दाबून बसवायचा मोह टाळा.

तोफेचा कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, फक्त २ मिमी खोल आहे, आरपार नाही. कोणीही आरपार पाडू नये. ही प्रतिकृती बार काढायची नाही.

रंगकाम करणाऱ्यांना एक सूचना. काळ्या दारूचा धूर आणि काजळी या तोफेत दोनच ठिकाणांहून बाहेर पडते: तोंड आणि कान. मागचा भाग उघडत नाही, त्यामुळे तिथे काजळीचे फराटे दाखवणं चूक. हा धूर तोफेची जागाही उघडी पाडत असे. १८९७-९८ च्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत पठाणांच्या हाती बिनधुराच्या दारूच्या रायफली आल्या होत्या, आणि डोंगरी तोफखाना मात्र अजून काळ्या दारूवरच होता.

गाड्याच्या, म्हणजे नळी पेलणाऱ्या सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंच्या तबकड्या ०.५ मिमी पत्र्यातून कापून झाल्या, रिव्हेट ०.८ मिमीचे. नळी सोडून बाकी सगळ्याला मूळचे ४०० पौंड, म्हणजे इथेही १०५ ग्रॅम.

चाकं अर्धी आहेत. व्यास ३ फूट धरला, म्हणजे ७६.२ मिमी. बैलगाडीसाठी बाभूळ उत्तम, पण या मापात तिचे रेषे फार जाड दिसतात. हेदू घ्या, रेषा बारीक आणि लेथवर कड तुटत नाही. आरे तुंब्यातून (चाकाच्या मधल्या गड्ड्यातून) बाहेरच्या अंगाला ३ अंश झुकलेले हवेत, त्यासाठी उतरता जिग केलाय. पाटे (चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे) बसवल्यावर पोलादी धाव, म्हणजे बाहेरची पट्टी, तापवून चढवायची, सुतार-लोहार चढवतात तशीच. चाकापेक्षा आतून ०.२ मिमी लहान ठेवलेली धाव साधारण २५० अंशांच्या वाढीने पुरेशी फुगते. पहिल्या धावेत हा फरक ०.४ मिमी ठेवला होता. तेवढं फुगवायला धाव लालसर होईपर्यंत तापवावी लागली, पाटे जळाले आणि थंड होताना आवळून दोन आरे तुंब्यातून निसटले. दुसरं चाक ०.२ वर नीट बसलं. धाव चढताच पाण्यात बुडवायची, क्षणभरही थांबायचं नाही.

पुढचा टप्पा पाच खेचरांचा: पुढची नळी, मागची नळी, गाडा, चाकं, आख. खेचर १३ हँड २ इंचाचं धरलं (एक हँड म्हणजे ४ इंच), म्हणजे खांद्यापाशी ११४ मिमी. नळीचे भाग खोगिरावर लांबीच्या दिशेने, चाकं दोन्ही अंगांना एकेक. गोलंदाज शीख आणि पंजाबी मुसलमान असतील, या बॅटऱ्यांत (तोफांच्या तुकड्यांत) मुख्यत्वे तेच होते. मुंबईच्या तोफखान्याचा वारसा दाखवायचा असेल तर ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी निवडता येईल. तिची उभारणी २८ सप्टेंबर १८२७ ची, आणि भारतीय तोफखाना आजही त्याच तारखेला गनर्स डे पाळतो.

प्रत्येक बोजा स्वतंत्रपणे उतरेल आणि पुन्हा चढेल असाच बांधायचा आहे, डिंकाने चिकटवायचा नाही. ऑगस्ट १८८० मध्ये, दुसऱ्या अफगाण युद्धात, जनरल रॉबर्ट्सच्या काबूल-कंदाहार कूचमध्ये चाकांवर ओढायची एकही तोफ नव्हती, १८ च्या १८ जनावरांवर गेल्या. उलट बाजू २९-३० ऑक्टोबर १८९९ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लेडीस्मिथजवळ निकल्सन्स नेकला दिसली. १० व्या माउंटन बॅटरीची खेचरं अंधारात उधळली, भाग विखुरले आणि तोफा उभ्याच करता आल्या नाहीत. म्हणून डायोरामात (मांडायच्या देखाव्यात) पाचही जनावरं एकमेकांजवळ ठेवणार आहोत आणि नट आवळायचा पाना मागच्या नळीच्या खेचरावर, हाताशी येईल असा.

खोगिराच्या लाकडी चौकटी कापायला घेतल्या आहेत. नळीचा पाळणा १२ मिमी रुंद केला होता, तो १४ करावा लागेल, कारण १३.५ मिमीची नळी त्यात बसत नाही.