येतो म्हणणारी नायिका

"तुम्ही सगळ्याजणी प्रेमकथाच लिहिता. मग एकमेकींच्या आड येत नाही? पोटात दुखत नाही?"

सर, हा प्रश्न तुम्ही गेल्या थंडीत कडोलीच्या साहित्य संमेलनात विचारलात. त्याआधी माझ्या जावेनं विचारलाय, पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांनी विचारलाय. कडोलीत तेव्हा ग्रंथदिंडी अगदी दारात आली होती, लेझीमच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना, म्हणून नुसती "नाही हो सर" म्हणून मी पुढं गेले. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

आम्ही सात जणी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बेळगावच्या शहापुरात माझ्या घरी जमतो. एक टिळकवाडीची, एक अनगोळची, एक वडगावची विणकराच्या घरातली, एक खानापूरची, एक चंदगडची, एक निपाणीची आणि मी. निपाणीची अक्का पूर्वी दोन-तीन महिन्यांतून एकदाच यायची. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट पडत नाही, तेव्हापासून, मधले काही महिने सोडले तर (ते पुढं सांगते), तिचा एकही रविवार चुकलेला नाही. चंदगडची मात्र महाराष्ट्रातली. ती शिनोळीपर्यंत अर्ध्या तिकिटावर येते आणि हद्द ओलांडली की पुढचं पूर्ण भरते. तरी ती येते. तिच्या त्या भाड्याची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून तिचं वाचन आम्ही कधीच शेवटाला ठेवत नाही.

आता आड येण्याचं. खूनकथा लिहिणाऱ्याला खुनी कोण ते शेवटपर्यंत झाकून ठेवावं लागतं. आमच्याकडं झाकायला काहीच नाही. पहिल्या पानावर दोघं भेटली की वाचणाऱ्या बाईला कळतंच, शेवटी ही एकत्र येणार. ते तिला हवंच असतं, त्यासाठीच ती दुपारची भांडी बाजूला सारून पुस्तक घेऊन बसते. शेवट चोरीला जाण्याची भीती नाही म्हटल्यावर एकमेकींपासून लपवायचं काय? राहतं ते एकच: ती दोघं इतके दिवस लांब का राहिली, आणि मग जवळ कशी आली. याला आम्ही आमच्यात 'गाठ' म्हणतो. गाठ खरी बसली पाहिजे आणि खरी सुटली पाहिजे. ती खरी आहे की नाही हे लिहिणाऱ्या बाईला एकटीला कधीच कळत नाही. त्याला दुसरीचे कान लागतात, आणि तेही स्वतः चार गाठी मारून बोटं दुखवून घेतलेल्या बाईचे.

म्हणून आम्ही मोठ्यानं वाचतो. फुलस्केप वहीतून असो की मोबाईलवरून. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही. जिथं लक्ष उडालं तिथं समोरच्या ताटलीतला एक चिरमुरा उचलून बाजूला ठेवायचा, एवढंच. वाचून झालं की लिहिणारी ते चिरमुरे मोजते आणि प्रत्येकीला विचारते, कुठं उडालं? तीन जणींचं एकाच ठिकाणी उडालं असेल तर ते पान गेलं. माझी अशी अकरा पानं एका दुपारी गेली होती. पावसातल्या भेटीची. रात्री झोप लागली नाही, पण सकाळी वही उघडली तेव्हा दिसलं, त्या अकरा पानांत पाऊस होता, माणसं नव्हती.

एक गाठ सांगते, म्हणजे लक्षात येईल. खानापूरची एक कादंबरी लिहीत होती. मुलगी मराठी, मुलगा कन्नड, आणि भाषेवरून दोन्ही घरांत आकांत. पहिले दोन भाग वाचून झाले तेव्हा ताटलीबाहेर चिरमुऱ्यांचा ढीग पडला. वडगावची म्हणाली, "वैनी, आमच्या घरात सासूबाई कन्नडमधून रागावतात आणि मराठीतून लाड करतात. भाषेवरनं कोण एवढं रडतंय?" खरंच होतं ते. आमच्या गल्ल्यांत एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात. मग गाठ कुठं? तासभर बोलणं झालं. शेवटी टिळकवाडीची हळूच म्हणाली, भाषा पुढं करतात, मागं जात असते, आणि ते कोणी तोंडानं बोलत नाही. सगळ्या गप्प झालो. खानापूरची पुढच्या महिन्यात आली ती नवा भाग घेऊन. त्यात दोन्ही घरं लग्नपत्रिका कुठल्या लिपीत छापायची यावर अडून बसलीयत, आणि त्या पत्रिकेच्या वादाखाली खरा नकार दडलाय. मुलीचा बाप छापखान्यात उभा आहे. दोन नमुने त्याच्या हातात आहेत आणि त्याला चष्मा सापडत नाही, तो खिशातच आहे. तो भाग ऐकताना एकीनंही चिरमुरा उचलला नाही. आता सांगा, या गाठीतला कुठला धागा कोणाचा, हे कसं ठरवायचं? माझ्या कथांत तिचे धागे आहेत, तिच्यात वडगावचे. पोटात दुखायला आधी वाटणी व्हावी लागते.

कधीच दुखत नाही असं मी म्हणणार नाही. अनगोळची सगळ्यांत धाकटी. ती मोबाईलवरच्या ॲपवर भागाभागानं लिहिते आणि रात्री अकराला भाग टाकला की सकाळपर्यंत शेकडो बायका वाचून 'पुढचा कधी' म्हणून विचारतात. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा छातीत काहीतरी हललं होतं. तिला ते कळलं असावं. पुढच्या रविवारी ती लवकर आली, माझा मोबाईल घेतला आणि माझं खातं उघडून दिलं. टायपिंग शिकवलं, भाग कुठं तोडायचा ते दाखवलं. "काकू, दार वाजलं तिथं तोडायचं, उघडलं तिथं नाही." हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

दुसरा एक प्रश्न आडून येतो. सीमाभागातल्या लेखिका तुम्ही, मग सीमाप्रश्नावर का लिहीत नाही? लिहावं, लिहिणारे लिहितातही. 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत वाढलो. ते मला मोलाचं आहे. पण त्याच 1946 साली कवी ना. मा. संत गेले, आणि मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नी, कवयित्री इंदिराबाई, पुढं कितीतरी वर्षं या बेळगावात राहून, शिकवून, त्या एका माणसाच्या नसण्यावर लिहीत राहिल्या. दोघांचा एकत्र कवितासंग्रह 1940 मध्ये आला होता, त्याचं नाव 'सहवास'. इंदिराबाईंच्या बालपणीचं गाव तवंदी निपाणीजवळच आहे, घाट उतरताना निपाणीची अक्का खिडकीतून हात जोडते. या मातीत मराठी टिकली ती मोर्चांनी टिकली तशी ओठातल्या ओठात बोललेल्या शब्दांनीही टिकली, असं मी मनापासून मानते. भाषा जगते ती तिच्यातून माणसं एकमेकांना बोलावतात म्हणून. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात, 1848 पासूनच्या त्या वाचनालयात, माझी आई दर शनिवारी पुस्तक बदलायला जायची. ती आणायची त्या कादंबऱ्यांची पानं कडेला मऊ झालेली असायची, हळदीचे डाग असायचे. कोणाकोणाच्या स्वयंपाकघरातून ते पुस्तक फिरून आलंय ते डागांवरून कळायचं. मला तसं पुस्तक लिहायचंय.

आता जे सांगायला जड जातं ते सांगते.

निपाणीची अक्का विड्या वळते. दिवसाला हजाराच्या घरात. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि जर्दा, बोटं चालू, आणि डोक्यात कथा. संध्याकाळी विड्या कारखान्यात देऊन आली की डोक्यातलं वहीत उतरवते. तिच्या वहीला तंबाखूचा वास येतो. तिनं आणलेली पहिली कथा तंबाखूच्या वखारीतल्या दोघांची होती. त्यातली नायिका रात्री नायकाला निरोप धाडते, "मी येतो. तू थांब, नको म्हटलास तरी येतो."

आमच्या भागात, निपाणी-चिकोडीकडं, कोल्हापूरकडं, बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत, कितीतरी घरांतल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी जातो. माझी आई असंच बोलायची, आणि घरात, दार लावलेलं असलं की, मीही. पण त्या दुपारी मी काय केलं? लाल पेन घेतलं आणि सगळीकडं 'येतो'चं 'येते' केलं. वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल, म्हटलं. संपादक हसतील, म्हटलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अक्कानं वही घेतली, पिशवीत घातली, चहा न घेता उठली.

पुढचे दोन महिने ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात मी आणि खानापूरची निपाणीला गेलो. ती ओट्यावर विड्या वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "वैनी, आमच्यात कोण बाई येते म्हणत नाही. येते म्हणाली की ती पोरगी पुण्याची झाली. पुण्याची पोरगी वखारीत कशाला येईल?" मला उत्तर नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. तीन महिन्यांपूर्वी मी केलं ते चुकलं, असं म्हणाले. तिनं कट्टा बांधला, पंचवीस विड्यांचा, धाग्याचा पीळ दिला आणि मग चहा टाकायला उठली.

माझा भाचा बेंगळुरूला असतो. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं मला अमेरिकेतल्या लेखिकांबद्दल वाचायला पाठवलं. तिकडं 1980 मध्ये प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी स्वतःची संघटना काढली. त्या लेखनाला कोणी जवळ करत नव्हतं म्हणून या बायका एकमेकींच्या झाल्या. नवख्यांचं हस्तलिखित जुन्या वाचून द्यायच्या, न छापलेल्या कादंबरीलाही वेगळं बक्षीस होतं. ते वाचून मला किती बरं वाटलं. संघटना उभी करणाऱ्यांत व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिका होत्या. तरी त्यांच्या मोठ्या पुरस्कारावर कृष्णवर्णीय लेखिकेचं नाव यायला 2019 उजाडलं. त्याच वर्षाअखेरीस आतली भांडणं चव्हाट्यावर आली, माणसं सोडून गेली, आणि 2024 मध्ये संघटनेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मी ते पान मिटवून बराच वेळ बसले होते. आमच्या सात जणींच्या ताटलीपुढं ती संघटना केवढी मोठी. पण माझ्या हातातलं लाल पेन मला दिसत होतं.

तेव्हापासून आमच्याकडं एक गोष्ट ठरली. गाठीवर बोलायचं, बोलीवर नाही. बोली ज्या घरची त्या घरची.

आता आमची स्वप्नंही सांगते. चंदगडचीला कथाकथनाच्या सत्रात बोलावणं यायला हवंय. कडोलीला, उचगावला, यळ्ळूरला, कुद्रेमानीला, कुठंही, पण व्यासपीठावर, बक्षिसाच्या रांगेत नाही. टिळकवाडीचीला मोठ्या दिवाळी अंकात एक कथा. अनगोळचीला ॲपवरच्या पैशातून स्वतःचं टेबल आणि दाराला आतून कडी असलेली खोली हवीय. निपाणीच्या अक्काला विड्या सोडायच्यात. हे ती फार सरळ सांगते. लिहून महिन्याला विड्यांइतके आले की सूप धुऊन माळ्यावर टाकणार.

आणि सगळ्यांचं मिळून एक पुस्तक. सात कथा. मागं एका प्रकाशकानं माझ्याकडून आगाऊ पैसे घेऊन वर्षभर दाद दिली नव्हती. शेवटी हातात आलं त्या पुस्तकात माझ्याच नावाची वेलांटी चुकली होती. त्या पुस्तकाच्या प्रती याच बायकांनी पिशव्यांतून गावोगावच्या संमेलनांत नेऊन विकल्या, माझा एक रुपया बुडू दिला नाही. त्यामुळं या वेळी घाई नाही. भिशी लावलीय, दर रविवारी दोनशे रुपये, हिशोब वडगावचीकडं. मुद्रितशोधन आमचं आम्ही करणार.

पुस्तकातली पहिली कथा वखारीची. एका परिचित जाणकारांना ती वाचायला दिली होती. त्यांनी समासात सहा ठिकाणी खूण करून लिहिलंय: "नायिका स्त्री आहे ना? क्रियापद तपासा." परवाच्या रविवारी मी ती पानं अक्कापुढं ठेवली. तिनं सहाही खुणा एकेक करून वाचल्या आणि माझ्याकडं पेन मागितलं. प्रत्येक खुणेखाली एकच शब्द लिहिला: "होय."