गव्हाच्या वाफ्यात अगस्ती

या आठवड्यात लाईट रात्रीची. काल अकराच्या सुमारास गव्हात दारं धरत होतो. वाफा भरेपर्यंत फावडं टेकून उभा राहिलो, तर दक्षिणेला लिंबाच्या शेंड्याशी अगस्ती! खाली पाण्यातही त्याचा ठिपका हलत होता.

व्याध सोडला तर रात्री याच्याएवढा तेजस्वी तारा नाही. आमच्या परभणीतून तो जेमतेम 18 अंश वर येतो. लंडनहून तर दिसतच नाही. अरब दर्यावर्दी याला सुहैल म्हणत. 1964 साली मंगळाकडे निघालेलं मरिनर 4 यानही याच ताऱ्यावर नजर ठेवून आपला रोख सांभाळत होतं.

आबा म्हणायचे, अगस्ती उगवला की नदीचं पाणी निवळतं. आज लेकीला बांधावर नेतो.